‘घरच्यांचा प्रभाव’ एका आकड्यात मावत नाही

करिअर चाचणीच्या अहवालात ‘कौटुंबिक प्रभाव: जास्त’ असं एका ओळीत उरकलेलं दिसलं की मला फार वाईट वाटतं. जास्त म्हणजे काय? आधार जास्त की दडपण जास्त?

माझ्यासमोर पंधरा वर्षांची एक मुलगी प्रश्नावली भरत होती. ‘मी काय व्हावं याबद्दल घरच्यांच्या ठाम अपेक्षा आहेत’ या वाक्यापाशी ती अडली. ‘पूर्ण सहमत’चा गोल रंगवला, खोडला, पुन्हा रंगवला. मग विचारलं, “हे चांगलं असतं की वाईट?”

अभ्यासकांनी हा गुंता सोडवायचा प्रयत्न केलाय. नाद्या फुआद आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 22 विधानांची मापनश्रेणी मांडली. त्यात माहितीची मदत, अपेक्षा, पैशाचं पाठबळ आणि मूल्यं-श्रद्धा असे चार वेगळे भाग आहेत. हे वेगळेपण महत्त्वाचं, कारण फी आनंदानं भरणारं घरही अपेक्षांनी पोराला वाकवू शकतं.

मला त्याहून जवळची वाटते ती डीट्रिख आणि क्राके यांची 2009 ची जर्मनीतली मांडणी: आधार, ढवळाढवळ आणि तिसरं, लक्षच नसणं. आधार असलेली मुलं पर्याय जास्त धुंडाळताना दिसली. ढवळाढवळ आणि दुर्लक्ष या दोन्हींसोबत निर्णयातली अडचण दिसली. म्हणजे “तुला हवं ते कर” हे वाक्यसुद्धा मोजायला हवं! ते कुणाला मोकळीक वाटतं, कुणाला ‘तुझं तू बघ’ असं ऐकू येतं. (अर्थात, पोर गोंधळलंय म्हणून आईबाप मध्ये पडले की ते मध्ये पडले म्हणून पोर गोंधळलं, हे एकदाच भरून घेतलेल्या कागदावरून कळत नाही. काही महिन्यांनी पुन्हा विचारायलाच हवं.)

आणि विचारायचं दोघांनाही. बहुतेकदा फक्त मुलांना विचारतात. मुलाला काय जाणवतं हे मोलाचंच, पण घरच्यांना आपण काय करतोय असं वाटतं, तेही शेजारी ठेवून बघा.

त्या मुलीच्या वडिलांनाही मी तोच कागद दिला. अपेक्षांच्या वाक्यापुढे त्यांनी क्षणभरही न थांबता ‘अजिबात सहमत नाही’ रंगवलं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. मुलगी बराच वेळ बघत राहिली, मग हळूच म्हणाली, “मग मी चित्रकला म्हटल्यावर तुम्ही दोन दिवस बोलला का नाहीत, बाबा?”