अंधार पडला म्हणून समुद्रातलं शैवाल आठवड्यात मरत नाही

"ज्वालामुखीच्या राखेने किंवा उल्केच्या धुळीने सूर्य झाकला गेला, तर समुद्रातलं सूक्ष्मशैवाल आठवड्याभरात मरेल. प्रकाशावाचून त्याला दुसरा आधार नाही. जगाचा ७० टक्के ऑक्सिजन तेच देतं, म्हणून महिन्याभरात आपण सगळे गुदमरू." असा मजकूर सारखा पुढे पाठवला जातो. या शैवालाची काळजी वाटावी हे मला मनापासून मान्य आहे. पण या मजकुरातली तिन्ही विधानं टिकत नाहीत.

आठवड्याभराचंच आधी घेऊ. ८० अंश उत्तर अक्षांशावर सूर्य दरवर्षी सुमारे चार महिने क्षितिजाच्या वर येत नाही. तरीही वसंतात तिथे शैवाल पुन्हा बहरतं, कारण त्याच्या पेशी तो काळोख काढून जगलेल्या असतात. ध्रुवीय डायटम (काचेसारखं सिलिकाचं कवच असलेलं एकपेशीय शैवाल) प्रयोगशाळेतही कित्येक महिने अंधारात तग धरतात. पेशी विभाजन थांबवते, श्वसन अगदी मंद करते आणि साठवलेली साखर व चरबी पुरवून पुरवून वापरते. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा ती पूर्ण मोडीत काढत नाही. म्हणून उजेड परतला की काही तासांत, फार तर काही दिवसांत काम सुरू होतं.

तो उजेडही किती लागतो? २०२० च्या मार्चअखेर, आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम गोठवून ठेवलेल्या 'पोलारस्टर्न' या संशोधन जहाजाच्या मोहिमेत, बर्फाखालच्या पाण्यात शैवालाची वाढ सुरू झालेली आढळली. तिथे प्रकाश होता दर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे ०.०४ मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं एकक). भर दुपारच्या उन्हात हाच आकडा २००० च्या आसपास असतो.

काही जाती तर याहून पुढे जातात. बाल्टिक समुद्राच्या तळाशी, प्राणवायू नसलेल्या काळ्याकुट्ट गाळात सुमारे ७००० वर्षं सुप्त पडलेला 'स्केलेटोनेमा मॅरिनोई' हा डायटम संशोधकांनी पुन्हा वाढवला. तो नुसता जिवंत नव्हता, त्याचं विभाजन आणि प्रकाशसंश्लेषण नीट चालू झालं. २०२५ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

"दुसरा आधार नाही" हेही चूक. काही डायटम पेशीत नायट्रेट साठवतात आणि अंधारात ऑक्सिजन नसेल तेव्हा त्याच्यावर श्वसन चालवतात. कित्येक डायनोफ्लॅजेलेट (शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारे एकपेशीय जीव) प्रकाशसंश्लेषणही करतात आणि दुसरे जीव गिळूनही पोट भरतात. ताण फक्त अंधाराचाच नसतो, आणि त्याला उत्तरंही अनेक आहेत: नायट्रोजनचा तुटवडा झाला की बऱ्याच जाती तेल साठवू लागतात, ऊन अति झालं की डायटम आपल्या रंगद्रव्यांत फेरफार करून जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतात, खारटपणा वाढला की 'ड्युनालिएला' ही खाऱ्या पाण्यातली शैवालाची जात पेशीत ग्लिसरॉल भरून घेते.

मात्र सगळ्यांची सहनशक्ती सारखी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उबदार समुद्रातला 'प्रोक्लोरोकॉकस' (शैवालासारखाच जगणारा जिवाणू) एकटा असला तर लांबलेला अंधार त्याला सोसत नाही, सोबत विशिष्ट इतर जिवाणू असले तर तो बराच जास्त टिकतो. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापातानंतर चुन्याची कवचं असलेल्या कॉकोलिथोफोर या सूक्ष्मशैवालाच्या सुमारे ९० टक्के जाती नष्ट झाल्या. डायटमांची हानी त्या मानाने खूपच कमी झाली.

राहिला ऑक्सिजन. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणात समुद्राचा वाटा साधारण निम्मा आहे, ७० टक्के नव्हे. शिवाय तिथे तयार होणारा बहुतेक ऑक्सिजन समुद्रातलेच जीव वापरून टाकतात. आपण श्वास घेतो तो हवेतल्या जवळजवळ २१ टक्क्यांच्या, कोट्यवधी वर्षांत जमलेल्या साठ्यातून. जगातले सगळे सजीव आणि मातीतला सगळा सेंद्रिय भाग जाळला, तरी हा साठा एक टक्कासुद्धा घटणार नाही.

खरं संकट अन्नाचं असेल. शैवालाची वाढ थांबली की आधी त्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी उपाशी पडतील, मग मासे, मग माशांवर जगणारे. आणि उल्केची वाट न पाहता आजच लक्ष द्यावं असं एक कारण आहे: पाणी गरम झालं की पेशीचं श्वसन वाढतं, साठा लवकर संपतो आणि तीच जात अंधारात कमी दिवस तग धरते. ध्रुवीय समुद्र तापत आहेत, तिथल्या रात्रीची लांबी मात्र तेवढीच राहणार आहे.