एंजलच्या जोडीचं बाळंतपण

फिशटँकमध्ये एंजल माशांची जोडी जमली की मालक कोण, हा प्रश्न निकालात निघतो. वीजबिल आपण भरायचं, पाणी आपण बदलायचं, आणि स्पंज पिळायला हात घातला की बोटाला चावा त्यांनी घ्यायचा. रक्त येत नाही, अपमान तेवढा होतो. बाकीचे मासे तर एका कोपऱ्यात दाटीवाटीने, निर्वासितांसारखे उभे.

मुळात जोडी जमणं हेच दिव्य. दुकानदार "कन्फर्म पेअर आहे साहेब" म्हणतो तेव्हा हसून पुढे जावं. एंजलमध्ये नर-मादी नुसतं बघून कळत नाही. कपाळाचा फुगवटा, परांची लांबी वगैरे सगळे अंदाजपंचे. भरवशाची खूण एकच: अंडी घालायची वेळ आली की पोटाखाली दिसणारी नळी. मादीची जाड नि बोथट, नराची बारीक नि टोकदार. तोवर थांबायचं. म्हणून सहा पिल्लं आणून एकत्र वाढवावीत. आठ-दहा महिन्यांत त्यांचं ती जमवतात. आपल्याला फक्त जमलेल्यांना वेगळं घर द्यायचं असतं. कधी दोन माद्याही जोडी करतात, अंडी घालतात, निष्ठेने राखण करतात, आणि अंडी पांढरीफटक पडली की आपण दोष पाण्याला देत बसतो.

घर म्हणजे दोन फूट लांब नि दीड फूट उंच टाकी, तळाला वाळू नाही, स्पंज फिल्टर, तापमान 27-28 अंश. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात हे मासे रुंद पानांवर किंवा बुडालेल्या लाकडावर अंडी घालतात. त्यांना उभी, गुळगुळीत जागा लागते. त्यासाठी शाळेची दगडी पाटी झकास. लाकडी चौकट काढून टाका, पाटी चांगली घासून धुवा आणि काचेला तिरकी टेकवून ठेवा. आता ती दोघं पाटीची पाहणी करतील, तोंडाने दोन दिवस घासतील, एकमेकांशी मसलत करतील आणि अंडी हीटरवर घालतील. हीटर उचलून दुसऱ्या टाकीत नेता येत नाही, हे त्यांना बहुधा ठाऊक असतं. हीटरला आधीच प्लास्टिकची जाळी घाला.

अंडी घालण्याचा कार्यक्रम मात्र बघावा. मादी पोट टेकवत खालून वर सरकते, मागे राजगिऱ्याएवढ्या अंड्यांची एक ओळ. ती बाजूला होते, नर त्याच ओळीवरून फिरतो. असं तास-दीड तास. दोन-तीनशे अंडी सहज होतात. मग दोघं आळीपाळीने छातीच्या परांनी वारा घालत बसतात आणि पांढरं पडलेलं अंडं तोंडाने उचलून टाकतात. फलन न झालेल्या त्या अंड्यांवर बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. जवळजवळ सगळीच अंडी पांढरी पडली आणि नर खरोखरच नर असेल, तर संशय बोअरच्या जड पाण्यावर घ्या. घरच्या आरओचं पाणी थोडं थोडं करत निम्म्यापर्यंत मिसळा. आरओच्या नळीतून सिंकमध्ये वाया जातं ते मात्र नको, ते आणखी जड.

यानंतरची रात्र घातक. सकाळी उठावं तर पाटी धुतल्यासारखी स्वच्छ आणि जोडपं निर्विकार. नवख्या जोड्या पहिल्या काही वेळची अंडी बहुधा खातातच. त्यावर चिडण्यात अर्थ नाही, दहा-पंधरा दिवसांत पुन्हा घालतात. पण पुष्कळदा गुन्हेगार आपणच असतो. दिवा फट्‌कन बंद केला, पाहुण्यांच्या पोरांनी काचेवर टकटक केली, की मासे बिथरतात आणि अंडी फस्त करतात. रात्रभर खोलीत झिरोचा बल्ब चालू ठेवा. आणि "टाकी साफ ठेवतो" म्हणून आणलेला तो काचेला चिकटणारा सकर मासा आधी बाहेर काढा. रात्री तो साफसफाईची सुरुवात अंड्यांपासून करतो.

सारखंच खात असतील तर पाटी उचलायची. दहा लिटरच्या वेगळ्या टाकीत जोडीच्या टाकीतलंच पाणी, तेवढंच तापमान, पाण्याला फिका निळा रंग येईल इतपत मेथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं औषध), आणि पाटीजवळ हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन. बुडबुडे थेट अंड्यांवर नकोत. मेथिलीन ब्लूचा डाग टॉवेलवरून जात नाही, तेव्हा घरात आधी परवानगी घ्यावी. माझं मत विचाराल तर दोन-तीन वेळा आईबापांना संधी द्या. अडीच-एक दिवसांत अंडी फुटतात, डोक्याच्या चिकट धाग्याने लोंबकळत पिल्लं वळवळतात, आणि आई त्यांना तोंडात भरून दुसऱ्या जागी नेऊन चिकटवते. बाप पुन्हा पहिल्या जागी आणतो. दिवसभर हेच चालतं. ते चुकवून पिल्लांना निळ्या पाण्यात वाढवणं अरसिकपणा.

खरे हाल पिल्लं पोहू लागली की सुरू होतात. अंडी घातल्यापासून साधारण आठवड्याने ती सुटतात, आणि तेव्हा तयार खाद्याची पावडर कामाची नाही. हलणारं, जिवंत खाद्य हवं. म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे इवलेसे जीव; त्यांची सुकी अंडी आणून घरी फोडायची. एक लिटर पाणी, 25 ग्रॅम खडेमीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, उलट्या बाटलीत तळापासून हवा. 24 ते 36 तासांत फुटतात. मग हवा बंद करायची. दहा मिनिटांत टरफलं वर येतात, तळाशी टॉर्च धरला की जिवंत आर्टेमिया उजेडाकडे गोळा होतात. नळीने ते फडक्यात ओढून गोड्या पाण्यात धुवायचे. टरफलं नकोत, पिल्लांच्या पोटात अडकतात. दिवसातून तीन-चार वेळा घालायचं. पिल्लाचं पोट नारिंगी दिसलं की समजावं, जेवलं. उरलेलं खाली कुजतं, म्हणून रोज चतुर्थांश पाणी बदलायचं, तेही बारीक नळीने, बादलीत पिल्लं गेली का बघत. रोज सकाळी नवी बाटली लावायची असल्याने बाहेरगावी जाणं विसरावं. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा.

पाचेक आठवड्यांत त्यांना एंजलचा आकार येतो. रुपयाच्या नाण्याएवढी झाली की दुकानदार घेतो. रोख देत नाही, खाद्याचा डबा देतो. तो जोडीलाच पुरतो.