तुलना सीटीसीशी सीटीसीचीच हवी

सरकारी आणि खासगी पगारांची तुलना करणाऱ्या या लेखात सरकारी कर्मचाऱ्याचा हातात पडणारा पगार आणि खासगीतला सीटीसी, म्हणजे कंपनीला एका कर्मचाऱ्यावर येणारा एकूण खर्च, शेजारी ठेवलाय. इथेच हिशेब बिघडतो. सीटीसीमध्ये कंपनीचा १२ टक्के पीएफ, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, कधी विम्याचा हप्ता आणि न मिळण्याचीही शक्यता असलेला, कामगिरीवर ठरणारा व्हेरिएबल पे धरलेला असतो.

केंद्र सरकारच्या वेतनश्रेणीतल्या लेव्हल ६ चं उदाहरण घ्या, पुण्यात, जानेवारी २०२५ च्या दरानं. महिन्याचं मूळ वेतन ३५,४००, महागाई भत्ता ५५ टक्के म्हणजे १९,४७०, घरभाडे ३० टक्के म्हणजे १०,६२०, वाहतूक भत्ता महागाईसह ५,५८०. एकूण ७१,०७०. यावर एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) सरकारचे १४ टक्के, मूळ अधिक महागाई भत्त्यावर: ७,६८२. हे बहुतेक जण विसरतातच! वर्षाचे साधारण साडेनऊ लाख होतात, तेही ग्रॅच्युइटी आणि रजा रोखीकरण न धरता.

आणि कृपया सरासरीवर जाऊ नका. शिपाई, सफाई कामगार या पातळीवर सरकारी पगार खूप वर आहे, कारण केंद्रात मूळ वेतनच किमान १८,००० आहे. वरिष्ठ अभियंते, व्यवस्थापक यांच्यात चित्र उलटतं. शिवाय सरकारी कार्यालयातलेच कंत्राटी कर्मचारी कोणत्या रकान्यात टाकले, हे लेखात यायला हवं होतं. त्यांना बहुतेकदा ना महागाई भत्ता, ना वेतनश्रेणी.