सैनिकाला सलाम, घर मात्र कॅशवाल्याला

व्हर्जिनियातल्या हर्नडनचं टाउनहाउस विकायला काढलंत, छान केलंत. दारात फुलांच्या कुंड्या आल्या, देव्हारा कपाटात गेला, तीन दिवस घरात फोडणी पडलेली नाही आणि व्हॅनिलाच्या मेणबत्त्यांनी हिंगाला जवळजवळ हरवलंय. आता रविवारी रात्री रिअल्टर, म्हणजे घराचा दलाल, ऑफरी घेऊन बसेल आणि त्यात एक तरी व्हीए लोनवाली, म्हणजे सैनिकांसाठीच्या सरकारी हमीच्या गृहकर्जावर घर घेणाऱ्याची असेल. पेंटागॉन आणि क्वांटिको या लष्करी ठिकाणांच्या पंचक्रोशीत घर म्हटल्यावर ती येणारच. ती ऑफर नाकारायची कशी, आणि नाकारूनही देशप्रेमी दिसायचं कसं, एवढंच सांगतो.

आधी मनाची तयारी. अमेरिकेत सैनिकाचे आभार मानायची रीत ठरलेली आहे. विमानात त्याला आधी चढू द्यायचं, 11 नोव्हेंबरला हॉटेलांनी त्याला फुकट जेवू घालायचं, बेसबॉलच्या मैदानात त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. या यादीत घर विकणं कुठेच बसत नाही. तेव्हा तो जोडीनं घर बघायला आला की ‘थँक यू फॉर युअर सर्व्हिस’ जरूर म्हणा. मनापासून म्हणा, गळा दाटून आला तरी हरकत नाही. सही तेवढी दुसऱ्याच्या कागदावर करा.

दुसरी खबरदारी अशी की व्हीए लोन म्हणजे नक्की काय, याची माहिती काढू नका. माहिती झाली की नाकारणं फार जड जातं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी 22 जून 1944 रोजी सैनिकांच्या सवलतींच्या कायद्यावर, जीआय बिलावर, सही केली, तेव्हापासून ही सोय आहे. सरकार स्वतः कर्ज देत नाही. कर्ज देते नेहमीचीच बँक, आणि सैनिकानं बुडवलं तर साधारण चौथा हिस्सा भरून द्यायची हमी सरकार त्या बँकेला देतं. म्हणून बँक डाउन पेमेंट मागत नाही. हे एकदा डोक्यात शिरलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: त्यानं खाली किती ठेवले याच्याशी आपल्याला काय करायचंय? क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या दिवशी आपल्या खात्यात तर पूर्ण रक्कम येणार, शून्य ठेवणाऱ्याची आणि वीस टक्के ठेवणाऱ्याची सारखीच. तर हा प्रश्न येऊ देऊ नका. ‘झीरो डाउन’ हे शब्द तोंड वाकडं करून दोनदा म्हणा, म्हणजे समोरचा माणूस कंगाल आहे असं आपोआप वाटायला लागतं.

प्रत्यक्षात त्या कंगालाला बँकेनं आणखी एका चाळणीतून काढलेलं असतं. घराचा हप्ता, टॅक्स, गाडीचं कर्ज, मुलांना सांभाळण्याचा खर्च सगळं जाऊन महिन्याला हातात काय उरतं, ते पाहतात. व्हर्जिनिया मोडतो त्या दक्षिण विभागात चौघांच्या घरात किमान 1,003 डॉलर उरले पाहिजेत, अशी अपेक्षा आहे. टेस्ला, कुमॉन, भरतनाट्यम आणि पुण्यातल्या फ्लॅटचा ईएमआय वजा जाता आपल्याकडे किती उरतात, हा हिशेब आज मांडायला बसू नका. 2008 नंतर घरं पटापट जप्त होत होती, तेव्हा व्हीए कर्जं कच्च्या पतीच्या सबप्राइम कर्जांच्याच काय, सामान्य लोकांच्या सरकारी विम्याच्या एफएचए कर्जांच्याही मानानं कमी बुडाली. हेही विसरा.

तिसरं म्हणजे ऐकीव गोष्टींवर गाढ श्रद्धा ठेवा. ‘अरे, व्हीएमध्ये बायरचा सगळा खर्च आपल्या गळ्यात पडतो’ असं पॉटलकला कुणीतरी सांगितलेलं असतं, ते पुरे आहे. नियम बघितलात तर विक्रेत्यानं द्यायच्या काही सवलतींवर चार टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, आणि द्यायचं की नाही हा तुमच्या मर्जीचा सौदा आहे. पण कमाल हा शब्द किमान असा वाचायला कितीसा वेळ लागतो? सैनिकाला स्वतःच्या एजंटचं कमिशन भरता येत नव्हतं, हे खरं होतं. ती बंदी ऑगस्ट 2024 मध्ये उठली. वाळवीच्या तपासणीचे पैसे तो 2022 पासून स्वतः देऊ शकतो. ऐकीव माहितीला मात्र एक्सपायरी डेट नसते, म्हणून तीच वापरावी.

आता खरी भीती. तिचं नाव अप्रेझर, म्हणजे कर्जाआधी घराची किंमत ठरवणारा माणूस.

व्हीएचा अप्रेझर बँक निवडत नाही. व्हीएच्या पॅनेलवरून ज्याची पाळी असेल तो येतो. म्हणजे ओळखीचा निघणार नाही, चहा घेणार नाही, ‘जरा वरचा आकडा बघा ना’ला दाद देणार नाही. शिवाय किमतीखेरीज आणखी एक भलतीच गोष्ट त्याला बघायची असते: घर राहण्यालायक, सुरक्षित आणि स्वच्छ आहे की नाही. तुमचं घर 1974 चं. 1978 च्या आधीच्या घरात रंगाचे पोपडे सुटलेले दिसले की त्यात शिसं आहे असंच धरतात आणि खरवडून पुन्हा रंग द्यायला सांगतात. तो बेसमेंटच्या जिन्याला कठडा आहे का ते बघेल. मग डेकवर, म्हणजे बाहेरच्या लाकडी ओट्यावर जाईल. तिथे तुळशीची कुंडी आहे. बारा वर्षं रोज सकाळी वाहिलेलं पाणी कुंडीखालच्या फळीनं निमूटपणे पिऊन घेतलंय. तो कुंडी सरकवेल, बुटाच्या टोकानं फळी दाबून बघेल, फळी बिस्किटासारखी आत जाईल आणि तो खिशातून फोन काढून फोटो घेईल. हा अपमान कोण सहन करणार? फळी बदलायला दोनशे डॉलर लागतील, हा मुद्दाच नाही. आपली लेकरं त्या डेकवर इतकी वर्षं खेळली, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आताच का बोलायचं?

किमतीच्या बाबतीतही यांची तऱ्हा बघा. आकडा ठरलेल्या भावाच्या खाली जाईल असं दिसलं, तर अप्रेझर रिपोर्ट द्यायच्या आधी कळवतो, आणि आजूबाजूला विकल्या गेलेल्या घरांचे दाखले द्यायला दोन दिवस मिळतात. या पद्धतीला टाइडवॉटर म्हणतात, आपल्याच राज्याच्या किनारपट्टीवरून पडलेलं नाव. म्हणजे निकाल लागायच्या आधी पेपर पुन्हा तपासून घ्यायची संधी. अशी सोय असलेला खरेदीदार धोकादायकच समजा.

इथे तुमच्या बाजूनं एक मुद्दा खरोखर खरा आहे, म्हणून तो जपून वापरा. घराची किंमत कमी आली तर व्हीएवाला अर्नेस्ट मनी, म्हणजे बयाणा परत घेऊन निघून जाऊ शकतो, आणि हे कलम त्याला करारातून काढता येत नाही. हवं तर वरचा फरक तो खिशातून भरेल, पण सक्ती नाही. भाव चढे असताना एखादा कन्व्हेन्शनलवाला, म्हणजे सरकारी हमीशिवायचं साधं कर्ज घेणारा, ही अट सोडून देतो, याला सोडता येत नाही. म्हणजे घराचा भाव वाजवी असेल तर काहीच बिघडत नाही. भाव शेजारच्या देशपांड्यांपेक्षा चाळीस हजारांनी जास्त, निव्वळ जिद्दीनं लावलेला असेल, तर मात्र सावध राहिलेलं बरं.

नकार देताना कारण लिहू नका. संघराज्याच्या फेअर हाउसिंग कायद्यात वंश, धर्म, मूळ देश वगैरे आहेत, सैनिक नाही. व्हर्जिनियाच्या कायद्यानं मात्र ‘मिलिटरी स्टेटस’ आणि ‘पैशाचा स्रोत’ हे दोन्ही आत घेतले आहेत. तेव्हा ईमेलमध्ये ‘व्हीए नको’ असं लिहिणं म्हणजे वकिलाला आमंत्रण. ‘आम्हाला जास्त भक्कम ऑफर आली’ इतकंच कळवावं. भक्कम म्हणजे काय, ते कुणी विचारत नाही. आणि मनाला लावून घेऊ नका, तुम्ही काही पहिले नाही. 1947 साली मिसिसिपीतल्या 13 शहरांत अशी हमीकर्जं 3,200 च्या वर गेली. त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली दोन. हमी सरकारनं द्यायची आणि दार कुणासाठी उघडायचं ते दारातल्यानं ठरवायचं, ही वहिवाट कर्जाइतकीच जुनी आहे. 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला मराठी म्हणून जागा नाकारली, तेव्हा आपण मंडळाच्या ग्रुपवर रात्री दोनपर्यंत पेटलो होतो. तो विषय वेगळा. तिथे नाकारणारे दुसरे होते.

राहता राहिला कॅशवाला. त्यालाच घर द्या. तो तुमच्या भावापेक्षा तीस हजारांनी कमी देईल, पण दहा दिवसांत क्लोजिंग म्हणेल. नवव्या दिवशी छपराचं कारण काढून आणखी पंधरा हजार तोडेल, आणि तुम्ही ते द्याल, कारण मूव्हर्स ठरलेले असतील. पुढच्या महिन्यात तेच घर राखाडी रंग मारून भाड्यानं लागलेलं दिसेल. भाडेकरूही बहुधा तोच सैनिक असेल. मुलांची शाळा त्याच भागात असते ना.

आता तुमच्या पुढच्या घराचं. गृहकर्जाचे व्याजदर ऐकले की छातीत धस्स होतं. घाबरू नका. 2020-21 मध्ये तीन टक्क्यांच्या आत घेतलेली व्हीए कर्जं घरासकट दुसऱ्याच्या नावावर करून घेता येतात, आणि घेणारा सैनिक असायला हवा अशी अट नाही. तुमचं क्रेडिट आणि पगार बँकेला पटला पाहिजे, अर्धा टक्का फी द्यायची, घराचा भाव आणि उरलेलं कर्ज यातला फरक रोख मोजायचा, थोडे महिने वाट बघायची, आणि अडीच टक्क्यांचा हप्ता तुमचा. बदली झालेला एखादा नेव्हीवाला शेजारच्या स्टर्लिंगमध्ये गाठा. त्याला समजावून सांगा, गोड बोला, ‘थँक यू फॉर युअर सर्व्हिस’ दोनदा म्हणा. तुम्ही ते कर्ज फेडेपर्यंत त्या घरापुरती त्याची व्हीएची पात्रता अडकून राहील, तेवढी त्याला पुढच्या घरासाठी वापरता येणार नाही. पण त्याचं एवढं वाईट वाटून घेऊ नका. वापरता आली असती, तरी ऑफर कुणाकडे घेऊन जाणार होता?