‘गालात दोन इंजेक्शनं, जबडादुखी कायमची बंद’ : या फॉरवर्डमधलं काय खरं, काय खोटं

जबडादुखीवरचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रील्समध्ये जोरात फिरतोय. मी दंतवैद्य आहे. खुर्चीत बसायच्या आधीच रुग्ण मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, ‘डॉक्टर, हे करून देता का?’ मजकुराचा सारांश असा : झोपेत दात खात असाल, जबडा दुखत असेल, तर गालात बोटॉक्सची दोन इंजेक्शनं घ्या. दुखणं कायमचं जातं, दात खायची सवय मोडते, चेहरा निमुळता होतो, सुरकुत्याही जातात. अमेरिकेत मान्यता असलेलं औषध आहे, अपाय काहीच नाही. यातल्या काही दाव्यांत थोडं तथ्य आहे, आणि लोक फसतात ते त्यामुळेच.

‘कायमचं’ हा शब्द आधी खोडू. बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन या औषधाचा एक ब्रँड. हे औषध नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन, म्हणजे स्नायूला निरोप देणारं रसायन, बाहेर पडू देत नाही. त्यामुळे आकुंचन पावण्याचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही आणि स्नायू ढिला पडतो. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि बहुतेकांमध्ये तीन-चार महिन्यांत ओसरतो, कारण नस पुन्हा कामाला लागते. म्हणजे खर्चही दर वेळी नव्याने. ही गोष्ट फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

पुढचा दावा : जबडादुखी यानेच जाते. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. जबडा दुखणं ही तक्रार आहे, रोग नव्हे. दुखणं चावण्याच्या स्नायूचं असू शकतं, तसंच कानाजवळच्या सांध्यातली चकती सरकल्याचं, वाकड्या आलेल्या अक्कलदाढेचं, तडा गेलेल्या दाढेचं किंवा चेहऱ्याच्या नसेचंही असू शकतं. नसेची कळ विजेच्या झटक्यासारखी येते आणि काही क्षणांत जाते. पन्नाशीनंतर घास चावताना जबडा भरून येत असेल आणि सोबत कानशिलात दुखत असेल, तर रक्तवाहिन्यांची सूज तपासावीच लागते, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. घाम, धाप किंवा छातीत दडपण यांच्यासोबत आलेली जबड्याची कळ हृदयाची असू शकते. तिथे दंतवैद्याची वेळ घेत बसायचं नसतं, थेट रुग्णालय गाठायचं असतं.

आपल्याकडे यात आणखी एक कारण आहे आणि ते कुठल्याच रीलमध्ये नसतं : सुपारी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, पण सुपारी, मावा आणि विदर्भातला खर्रा अजून तोंडात आहेच. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तिखट लागलं की आग होते आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होतं. रुग्ण सांगतो, ‘जबडा आखडलाय.’ हा आजार कर्करोगाकडे जाऊ शकतो. अशा माणसाच्या गालात स्नायू ढिला करणारं इंजेक्शन दिलं, तर त्याचे मोलाचे महिने वाया जातील. आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि आपलीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील तर आधी तपासणी करा.

बरं, दुखणं खरोखर स्नायूचं किंवा सांध्याचं आहे असं धरू. तरीही इंजेक्शन पहिला उपाय ठरत नाही. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यावरची मार्गदर्शक तत्त्वं २०२३मध्ये आली. त्यांत भर आहे तो जबड्याच्या व्यायामांवर, तज्ज्ञाच्या हाताने केलेल्या उपचारांवर आणि वेदनेशी जुळवून घ्यायला शिकवणाऱ्या मानसोपचारावर. बोट्युलिनम टॉक्सिन ‘शक्यतो नको’ या गटात आहे. आम्ही दंतवैद्य सर्रास देतो ती रात्री घालायची प्लेटही त्याच गटात आहे, हेही सांगायला हवं. प्लेट दात झिजण्यापासून वाचवते, दुखणं थांबवेलच असं नाही. व्यायाम आणि सवयीतला बदल करूनही ज्यांचं दुखणं हटत नाही, अशा काहींना इंजेक्शनाने आराम पडतो. त्यांना ते नाकारावं असं मी म्हणत नाही.

‘सवय मोडते’ हा दावा तर चुकीचाच आहे. झोपेत दात खाण्याचा हुकूम मेंदूकडून येतो. स्नायूंची विद्युत नोंद घेऊन केलेल्या अभ्यासांत असं दिसलं की इंजेक्शनानंतर चावण्याचा जोर कमी होतो, पण दात खाण्याच्या घटना थांबत नाहीत. मूळ कारण कधी ताण असतो, कधी नैराश्यावरची काही औषधं, कधी झोपेत श्वास अडखळणं. घोरणाऱ्या आणि दिवसभर पेंगणाऱ्या माणसाची झोप तपासायला हवी.

आता सुरकुत्या. कपाळावरच्या आठ्या आणि डोळ्यांच्या कडांच्या रेषा वेगळ्या स्नायूंमुळे पडतात. जबड्यासाठी गालातल्या मॅसेटर स्नायूत दिलेलं औषध तिथे काहीच करत नाही. उलट तो स्नायू बारीक झाला की त्वचा आधीच सैल असलेल्यांचा गालाचा खालचा भाग अधिक ओघळलेला दिसू शकतो. एका सुईत दोन्ही फायदे हे विक्रीचं वाक्य आहे.

मान्यतेची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, हे औषध १९८९मध्ये तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी मान्य केलं, २००२मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी आणि २०१०मध्ये जुनाट मायग्रेनसाठी. जबडादुखी किंवा दात खाणं त्या यादीत नाही. मान्यतेबाहेरचा वापर डॉक्टर करू शकतात, पण तसं रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं.

राहिला ‘अपाय काहीच नाही’. चावायची ताकद कमी होते, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाणे जड जातात. औषध शेजारच्या स्नायूत पसरलं तर हसू वाकडं होतं, कपाळावर दिलेलं खाली उतरलं तर पापणी लोंबते. परिणाम शरीरात दूरवर पसरू शकतो, हा ठळक इशारा एफडीएने २००९पासून औषधावर छापायला लावला आहे. गर्भारपणात, स्तनपान सुरू असताना आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू कमजोर करणारा आजार असलेल्यांनी ते टाळावं. अमेरिकेत २०२४मध्ये बनावट किंवा अप्रशिक्षित हातांनी दिलेल्या इंजेक्शनांमुळे ११ राज्यांत २२ जणांना त्रास झाल्याची नोंद आहे, त्यांतल्या काहींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. म्हणून पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी हे घेऊ नका. कुपी समोर उघडायला सांगा, नाव आणि मुदत वाचा, किती युनिट दिली ते लिहून घ्या. एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या बरोबरीचं नसतं.

इंजेक्शन आधीच घेतलं असेल आणि त्यानंतर गिळायला त्रास, आवाजात बदल, एकाची दोन दिसणं किंवा श्वासाला जड वाटणं यांपैकी काहीही जाणवलं, अगदी काही आठवड्यांनी जाणवलं, तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा आणि इंजेक्शन कधी घेतलं ते तिथे सांगा.