‘रोजच्या गाडीला ऑटोमॅटिक लॉकर चालत नाही’: एका प्रचलित समजाचा प्रतिवाद

खडकाळ आणि चिखलाच्या वाटांसाठी सजवलेल्या गाड्यांविषयी एक मजकूर अनेक वर्षे हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे आहे. मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ऑटोमॅटिक लॉकर (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर मिळावा म्हणून दोन्ही चाके आपोआप जोडणारी यंत्रणा) बसवला की दोन्ही चाके कायमची जखडली जातात आणि प्रत्येक वळणावर टायर घासले जातात. वळताना येणारा टकटक आवाज ही दात झिजत असल्याची खूण असते. चाकाला फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, आज ना उद्या तुटतो, पावसात गाडी घसरून फिरते, एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) निकामी होते आणि मालकाखेरीज कोणालाही अशी गाडी चालवता येत नाही. लॉकर असलेली गाडी मी रोज कामासाठी वापरतो. या मजकुरात थोडे खरे आहे, पण ते चुकीच्या जागी मांडलेले आहे. त्यामुळे वाचणारा जिथे भिण्याचे कारण नाही तिथे भितो आणि जिथे जपायला हवे तिथे गाफील राहतो.

चाके कायमची जखडली जातात, हे म्हणणे स्पूलला लागू पडते, लॉकरला नाही. स्पूल म्हणजे दोन्ही शाफ्ट क्राउन व्हीलला (इंजिनचा जोर दोन्ही चाकांकडे देणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाला) थेट जोडणारा ठोकळा. त्यात वळणाची सोयच नसते. डेट्रॉइट लॉकर किंवा मूळ डिफरन्शियलच्याच (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाच्या) केसमध्ये स्पायडर गिअरच्या, म्हणजे आतल्या छोट्या गिअरच्या, जागी बसणारे लंचबॉक्स लॉकर वेगळ्या तत्त्वावर चालतात. इंजिन जोर लावत असताना कोणतेही चाक क्राउन व्हीलपेक्षा हळू फिरू शकत नाही, पण जास्त वेगाने फिरायला त्याला पूर्ण मोकळीक असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून ते पुढे धावू लागते, उताराच्या आकाराचे कॅम त्याच्या बाजूचे दात बाजूला सारतात आणि ते चाक मोकळे फिरते. तेवढा वेळ आतले चाकच गाडीला ढकलत असते.

ही मोकळीक किती मोठी आहे, हे हिशोब केल्यावर कळते. दोन चाकांमधले अंतर दीड मीटर धरले, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त चालते, मग वळण लहान असो वा मोठे. ३१ इंची टायरचा परीघ साधारण २.४७ मीटर असतो. म्हणजे प्रत्येक काटकोनी वळणावर बाहेरचे चाक जवळजवळ एक अख्खा फेरा जास्त फिरते. स्पूल असेल तर हा फेरा डांबरावर रबर घासूनच भरून काढावा लागतो. लॉकरमध्ये तो दातांवरून सरकत निघून जातो. घासण्याचा आरोप करणाऱ्यांनी हा फरक आधी लक्षात घ्यावा.

शिवाय ‘ऑटोमॅटिक लॉकर’ या एकाच नावाखाली दोन उलट स्वभावाची यंत्रे येतात. वर वर्णन केलेली एरवी जोडलेली असतात आणि वळणावर सुटतात. दुसरी एरवी मोकळी असतात आणि चाक घसरल्यावरच जोडली जातात. ईटनचा यांत्रिक लॉकर या दुसऱ्या प्रकारचा आहे. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो लागतो, आणि ताशी तीसेक किलोमीटरच्या वर तो लागतच नाही. जनरल मोटर्सच्या पिकअप गाड्यांत हा लॉकर १९७३ पासून मिळतो आणि त्या गाड्या रोज मालवाहतूक करतात, मुलांना शाळेत सोडतात. २०२० च्या महिंद्र थारच्या काही प्रकारांतही याच जातीचे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. त्यांपैकी कित्येक मालकांना आपल्या गाडीत लॉकर आहे याची वर्षभर आठवणही होत नसेल.

टायरच्या झिजेबाबत मात्र एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. वळणावर सगळा जोर आतले चाक घेत असल्याने, वळणातच अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबण्याची सवय असलेल्याचे टायर लवकर जातात. पण झिजेचे मोठे कारण बहुतेक वेळा दुसरेच असते, ते म्हणजे मागच्या दोन टायरांमध्ये असलेला फरक. एक नवा आणि एक अर्धा झिजलेला टायर लावला, किंवा एका बाजूला हवा कमी राहिली, तर लहान व्यासाचे चाक सरळ रस्त्यावरही सतत जास्त वेगाने फिरते, म्हणून मोकळे राहते, आणि मोठ्या चाकावर सगळा भार पडतो. गाडी एका बाजूला ओढते, अ‍ॅक्सिलरेटर सोडताच दुसरीकडे झुकते, आणि मालक लॉकरला दोष देतो. मागचे दोन टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे ठेवावेत आणि हवा थंड टायरमध्ये तपासावी. रोजच्या वापरात लॉकर मागतो ती निगा मुख्यतः एवढीच.

आता आवाज. वळणावर जोर न लावता गाडी सोडली की दात एकमेकांवरून सरकतात आणि टकटक ऐकू येते. पार्किंगमध्ये वळून सरळ होताना कधी एक मोठा ठोका बसतो, कारण साठलेला ताण एकदम सुटतो. हे दोन्ही आवाज यंत्र काम करत असल्याचे आहेत. काळजीचा आवाज वेगळा असतो. सरळ रस्त्यावर सारखी येणारी खरखर किंवा गुणगुण, आणि तेलात सापडणारे धातूचे तुकडे, ही खरी लक्षणे होत.

संशय असेल तर तपासणी घरीच करता येते. सपाट जागी पुढच्या चाकांना अडण लावावी, मागची दोन्ही चाके स्टँडवर उचलावीत, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकावी. एकाने डावे चाक मागच्या दिशेने दाबून धरावे, दुसऱ्याने उजवे चाक पुढे फिरवावे. ते टकटक करत मोकळे फिरले पाहिजे. मग बाजू बदलून तेच करावे. दोघांनी दोन्ही चाके एकाच वेळी एकाच दिशेने दाबली, तर थोड्या ढिलाईनंतर ती घट्ट अडली पाहिजेत. ही चाचणी नीट उतरणारा लॉकर आवाजासाठी बदलू नये.

शाफ्ट तुटण्याच्या भीतीत रस्ता आणि खडक यांची गल्लत झाली आहे. एका चाकावर ५०० किलो भार आणि कोरडे डांबर धरले, तर टायर साधारण १५०० न्यूटन मीटरच्या आसपास घसरू लागतो. त्यापेक्षा फार जास्त पीळ शाफ्टवर येऊच शकत नाही, मग डिफरन्शियल साधे असो वा लॉकरचे. आतले चाक घसरू लागताच लॉकर बाहेरचे चाक जोडून घेतो, त्यामुळे भार वाटलाही जातो. खडकात हे गणित बदलते. ३०० न्यूटन मीटरचे इंजिन, पहिला गिअर चारपट, लो रेंज (हळू चालताना जास्त जोर देणारी गिअरची जोडणी) अडीचपट आणि अ‍ॅक्सलमध्ये चारपट धरले तर अ‍ॅक्सलपाशी १२००० न्यूटन मीटर उपलब्ध होतात. एक चाक हवेत आणि दुसरे दोन दगडांत अडकलेले असेल, तर साधे डिफरन्शियल अडकलेल्या चाकाला जवळपास काहीच देत नाही, लॉकर मात्र सगळे त्याच्यावर टाकतो. तिथे पातळ शाफ्ट तुटतो, हे खरे आहे. पण तो तोडतो अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय, आणि रोजच्या रस्त्याशी त्याचा संबंध नाही.

पावसाचा मुद्दा या साऱ्या मजकुरातला सर्वांत प्रामाणिक मुद्दा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. ओल्या वळणावर साध्या डिफरन्शियलचे आतले चाक एकटे घसरते आणि बाहेरचे चाक गाडीला बाजूने धरून ठेवते. लॉकरमध्ये आतले चाक घसरताच बाहेरचेही जोडले जाते, आणि जोर जास्त असेल तर दोन्ही चाकांची पकड सुटून गाडीचा मागचा भाग बाहेर जातो. कमी लांबीच्या, मॅन्युअल गिअरच्या गाडीत हे अधिक जाणवते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर धक्का बराच पचवतो. बर्फावर किंवा कडेला उतार असलेल्या निसरड्या वाटेवर जोडलेली चाके गाडीला उताराकडे सरकू देतात, आणि ज्यांचा रोजचा रस्ता कित्येक महिने बर्फाळ असतो त्यांनी एरवी जोडलेला राहणारा लॉकर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इतरांसाठी उपाय पायात आहे. वळणाआधी वेग कमी करावा, वळणभर अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा ठेवावा, आणि वळणाच्या मध्यात तो दाबू-सोडू नये. जोर सोडताच ढकलणारे आतले चाक मोकळे होते आणि इंजिनचा रोध बाहेरच्या चाकावर जातो. गाडी जागेवर हलल्यासारखी वाटते ती या अदलाबदलीमुळे.

एबीएस निकामी होते, हे सरसकट विधान चुकीचे आहे, कारण ब्रेक लावताना मागे पडणारे चाक लॉकरमध्ये सुटू शकते. खरा प्रश्न स्थैर्य नियंत्रणाचा आहे, कारण ती यंत्रणा एकेक चाक स्वतंत्रपणे आवरते आणि जोडलेला अ‍ॅक्सल तिच्या कामात अडथळा आणतो. गाडीत ती असेल, तर लॉकर बनवणाऱ्याने त्या मॉडेलसाठी काय म्हटले आहे ते विकत घेण्याआधी वाचावे. ऑटोमॅटिकऐवजी बटणावरचा, म्हणजे चालकाने हवा तेव्हा जोडायचा, लॉकर बंद असताना साध्या डिफरन्शियलसारखा वागतो, हा त्याचा मोठा गुण आहे. पण हवेवर चालणारा असेल तर त्याला कंप्रेसर, नळी आणि सील लागतात, आणि घसरण सुरू होण्याआधी बटण दाबण्याची आठवणही लागते.

राहिली दुसऱ्याच्या हाती गाडी देण्याची गोष्ट. किल्ली देताना दोन वाक्ये सांगावीत. वळताना टकटक ऐकू आली तर घाबरून ब्रेक मारू नका, आणि ओल्या रस्त्यावर वळण पूर्ण होऊन स्टिअरिंग सरळ झाल्याशिवाय अ‍ॅक्सिलरेटर अधिक दाबू नका.