पासपोर्टच्या आधी सातबारा बघा

गोव्यात जन्मलेल्या आजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात कसं जायचं, हा लेख वाचला. कागदपत्रांची माहिती चांगली दिली, पण मुख्य गोष्ट शेवटच्या ओळीत उरकली. भारतात दुहेरी नागरिकत्व नाहीच. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की आपलं जातं. मग परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढता येतं, त्यावर इथे राहताही येतं, पण मतदान नाही.

आमच्या विदर्भातल्या वरुडकडे हा प्रश्न कुठून आला असं वाटेल. माझ्या चुलतभावाची बायको गोव्याची, तिचे वडील १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज राज्य असतानाच, तिथे जन्मलेले. म्हणून आमचा पुतण्याही दावा करू शकतो. पोट्टं हुशार आहे, जायचं तर खुशाल जावं. आंबिया बहाराची संत्री गळून झाडाखाली सडा पडतो, उरलेल्याला व्यापारी पडेल भाव सांगतो, तेव्हा त्याला थांब कोणत्या तोंडाने म्हणायचं?

पण वावराचं काय? ओसीआयवाल्याला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी मात्र एक गुंठाही विकत घेता येत नाही. धुऱ्याला लागून असलेलं वावर विकायला निघालं तरी हात बांधलेले. स्वतःची विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

लेखकांना विनंती, शेतकरी कुटुंबांसाठी जमिनीवर वेगळा लेख लिहा. पोरं मोबाईलवर अर्धवट वाचून एजंटला पैसे देऊन मोकळी होतात.